शब्दाला काम विचारणाऱ्या समीक्षाबाई

विट्याहून पूर्वेकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कालव्याचे पाणी अजून पोहोचलेले नाही अशा एका गावात जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा आहे. या शाळेत समीक्षा बिरदेव मेटकरी इंग्रजी शिकवतात. वर्गात आल्यावर त्या फळ्यावर एक वाक्य लिहितात, मुलांकडे वळतात आणि एखाद्या शब्दावर खडू टेकवून विचारतात, “हा इथे काय करतोय?” हा शब्द कोण आहे, असे त्या विचारत नाहीत.

मराठी व्याकरणात नाम, क्रियापद, विशेषण वगैरेंना आपण ‘शब्दांच्या जाती’ म्हणतो. समीक्षाबाईंची त्या शब्दप्रयोगाविषयी तक्रार नाही. पुस्तकात आहे ते परीक्षेत लिहावेच लागते. वर्गात मात्र त्या ‘शब्दाचे काम’ असेच म्हणतात. जात जन्मताच चिकटते आणि काम वाक्यात उभे राहिल्यावर ठरते, हा फरक सहावीच्या मुलांना फोड करून सांगण्याची गरज त्यांना कधी पडली नाही. गावाच्या कोणत्या आळीत कोण राहतो हे ज्या मुलांना अक्षरओळखीच्या आधी कळते, त्यांना तो फरक आधीच ठाऊक असतो.

समीक्षाबाईंचा जन्म आटपाडीकडच्या एका मेंढपाळ कुटुंबातला. दिवाळी झाली की वडील बिरदेव आणि आई हरणाबाई मेंढरे घेऊन कृष्णाकाठाकडे उतरत, तिथल्या शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी कळप बसवत, आणि पावसाळा तोंडावर आला की परत फिरत. लहानगी समीक्षा शाळेसाठी आत्याकडे मागे राहिली. हे सांगताना त्या स्वरात करुणा आणत नाहीत. आत्याचे घर बरे होते, शाळा जवळ होती आणि अभ्यास आवडत होता, एवढेच त्या सांगतात.

शिक्षिकेचे प्रशिक्षण घ्यायला त्या साताऱ्याला गेल्या. तिथे त्यांना इंग्रजी व्याकरणाच्या सगळ्या व्याख्या पाठ झाल्या. व्यक्ती, वस्तू किंवा स्थळ यांचे नाव ते नाम. क्रिया दाखवतो तो शब्द क्रियापद. व्याख्येखाली उदाहरणांची रांग असे, तीही पाठ होती. इंग्रजी वर्तमानपत्रातले एखादे वाक्य समोर आले की मात्र त्या रांगेतला एकही शब्द मदतीला येत नसे. वसतिगृहातल्या सगळ्याच मुलींची ही अवस्था होती, आणि सगळ्याच जणी उत्तीर्ण होत होत्या. समीक्षाबाईंना खटकली ती ही दुसरी गोष्ट.

उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या आष्ट्याजवळच्या एका रानात आईवडिलांकडे राहायला गेल्या होत्या. एक व्यापारी मेंढरे बघायला आला. मेंढरे कोंडायच्या वाघरीच्या जाळ्यात उभ्या असलेल्या कळपाकडे बोट करून तो एकेक मेंढरू कसे आहे ते विचारू लागला. बिरदेव वैतागले. “उभ्या मेंढरावर मी काय सांगू? जरा चालू दे की. कोण म्होरं जातंय, कोण पिलापायी मागं ऱ्हातंय, तुमचं तुमालाच दिसंल.” हे बोलणे समीक्षाबाईंनी लहानपणापासून ऐकलेले होते. त्या दिवशी त्यांच्या मांडीवर व्याकरणाचे पुस्तक होते, आणि त्यातले सगळे शब्द जाळ्यात उभे होते.

अशा प्रसंगांना साक्षात्कार म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. समीक्षाबाईंना ती मान्य नाही. शब्द वाक्यात चालताना पाहायचा, एवढे त्या दिवशी सुचले; तो पाहायचा कसा, हे कळायला पुढे बराच काळ आणि बरीच चुकलेली वाक्ये लागली, असे त्या म्हणतात. नोकरी लागल्यावर त्यांनी हीच पद्धत वर्गात आणली. मुले हळू शिकत, खूप चुकत आणि एकमेकांशी हुज्जत घालत. तपासणीला आलेल्या एका अधिकाऱ्यांनी ‘वर्गात गोंगाट’ असा शेरा मारला होता. समीक्षाबाईंनी तो वाचून सही केली आणि पुढचा तास तसाच घेतला.

या गावाची अर्धी घरे वर्षभर कुलूपबंद असतात. माणसे गलाईच्या धंद्यात आहेत. जुने दागिने वितळवून त्यातले सोने शुद्ध करून देणे म्हणजे गलाई. हा धंदा करत इथली माणसे देशाच्या कोणत्याही मोठ्या शहरात सराफकट्ट्याजवळच्या बोळात सापडतात. चैत्रातल्या यात्रेला ती सगळी परततात, घरे उघडतात, आणि गावात चार-पाच भाषा ऐकू येऊ लागतात. नानासो त्यांच्यातले ज्येष्ठ. त्यांची हयात मदुराईत गेली. दुकान मुलाच्या हाती देऊन ते गावी परतले, तेव्हा नातवंडांना गाव कळावे म्हणून त्यांनी सुनेला आणि तीन नातवंडांना बरोबर आणले. दोन नातू लहान वर्गांत होते. सोनम ही नात पाचवीच्या मध्यावर शाळेत दाखल झाली आणि सहावीत समीक्षाबाईंच्या हाताखाली आली.

सोनमला तमिळ उत्तम येत होते आणि इंग्रजी भराभर बोलता येत होते. तिच्या शेजारी बसणारी उत्कर्षा मेंढपाळाची मुलगी. तिचे आईवडील कळपाबरोबर फिरतीवर आणि ती आजोबांजवळ. तिला इंग्रजी बोलता येत नव्हते, पण एखादा शब्द वाक्यात कशाला आला आहे, याचा पिच्छा ती सोडत नसे. दोघींचे रोज भांडण होई आणि डबा रोज एकत्र खाल्ला जाई.

फाल्गुनाच्या अखेरीस नानासो शाळेत आले. मुख्याध्यापक लालासाहेबांनी खुर्ची पुढे केली. नानासो बसले नाहीत.

“बाई, जूनपासनं आमची तिन्ही पोरं विट्याला इंग्लिश मीडियमला घालायची म्हणतोय.”

“घाला की,” समीक्षाबाई म्हणाल्या. “पण कशासाठी, ते सांगा.”

“कशासाठी म्हंजे? इंग्लिश याय नगं व्हय?”

“सोनम माझ्यापेक्षा झरझर इंग्रजी बोलते, नानासो.”

“ते मदुराईचं हाय! तुमच्या साळंचं काय हाय त्यात?”

लालासाहेब खोकले. समीक्षाबाई हसल्या, कारण बोलणे खरे होते.

“मागल्या यात्रंत आमच्या सोनमनं मांडवात भाषण ठोकलं,” नानासो पुढे म्हणाले, “आन् तुमची बाकीची पोरं तिच्या मागं झाडागत हुबी. ह्या साली समद्यास्नी बोलू द्या. मग बघू.”

“पाठ केलेलं भाषण मी उभं करणार नाही. त्यापेक्षा मांडवात उघडा तास घेते. गावातल्या कुणीही इंग्रजी वाक्य द्यावं. त्यातला प्रत्येक शब्द काय काम करतो, ते मुलं सांगतील.”

“आन् न्हाई आलं तर?”

“तर नाही आलं, हे सगळ्या गावाला दिसेल.”

नानासोंनी लालासाहेबांकडे पाहिले. “गुरुजी, बाई लय धाडशी हाय तुमची.” आणि ते निघून गेले. हा होकार होता.

या होकाराबरोबर काय पणाला लागले होते, ते नीट समजून घेतले पाहिजे. नानासोंची नातवंडे गेली असती, तर मुले गावात ठेवलेली गलाईवाल्यांची इतर घरेही त्यांच्या मागे गेली असती. सहावी-सातवीत पुरेशी मुले राहिली नसती आणि ते वर्ग मिटले असते. गलाईवाल्यांच्या मुलांना विट्याची बस दारात आली असती. मेंढपाळांच्या मुलींना ती आली नसती. त्यांच्या घरी असतात म्हातारी माणसे, आणि अकरा-बारा वर्षांच्या मुलीला एकटीने एसटीने दुसऱ्या गावी पाठवायला म्हातारी माणसे तयार होत नाहीत. उत्कर्षाची शाळा तिथेच थांबली असती. ती थांबावी असे गावात कुणालाही वाटत नव्हते. प्रत्येक घर केवळ आपल्या मुलांचे भले पाहत होते. समाजातले पुष्कळसे अहित असेच घडते: त्यासाठी दुष्ट माणूस लागत नाही, आपापल्या दारापुरते शहाणपण पुरते.

लालासाहेब निवृत्तीला आलेले, सरळ मनाचे गृहस्थ. नानासो गेल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. “बाई, यात्रेतली माणसं कुस्त्या बघायला आलेली असतात. त्यांच्यापुढं तुम्ही क्रियापद काढणार?”

“कुस्तीतही कोण काय करतोय तेच बघतात, सर.”

“पोरं अडखळली तर?”

“अडखळतील. वर्गातही अडखळतात.”

“वर्गात बघायला कोण असतं? मांडवात सगळं गाव.” लालासाहेबांचा चेहरा उजळला नाही.

घरी हरणाबाईंनीही विषय काढलाच. त्या आता फिरती सोडून लेकीजवळ राहत होत्या. “काय गं, यात्रंत पोरास्नी भांडाय लावणार हायस म्हणं?”

“भांडायला न्हाई गं आई. इचार कराय लावणार हाय.”

“त्येच की गं. निराळं काय असतंय त्यात?”

यात्रेच्या आधीच्या आठवड्यात समीक्षाबाईंना एका प्रशिक्षणासाठी सांगलीला जावे लागले. परत आल्या, तेव्हा मुले उत्साहात होती. सरांनी रोज उजळणी घेतली, असे त्यांनी सांगितले. समीक्षाबाईंना बरे वाटले. लालासाहेबांनी आजवर इंग्रजीचा तास आपणहून घेतलेला नव्हता.

यात्रेचा दुसरा दिवस. सकाळी पालखी झाली होती, दुपारनंतर कुस्त्यांचे मैदान होते, आणि मधल्या वेळात शाळेचा कार्यक्रम. मांडव भरला होता. पुढे फेटे बांधलेले जुने पैलवान, त्यांच्यामागे परगावाहून आलेली गलाईची कुटुंबे, कडेला मेंढपाळांची माणसे उभ्याने. नानासो यात्रा कमिटीच्या खुर्च्यांवर मधोमध बसले होते. माइकवर पप्पू नावाचा तरुण होता. एरवी तो कुस्त्यांचे निवेदन करतो. “आता सहावी-सातवीची पोरं इंग्लिशशी कुस्ती धरणार हायत! मंडळी, वाक्य टाका!”

मागच्या बाजूने एका तरुणाने उभे राहून एक वाक्य सांगितले. मुलांनी पाहता पाहता फोड केली: हे नाम, हे क्रियापद, हे विशेषण. टाळ्या पडल्या. दुसऱ्या बाजूने दुसरे वाक्य आले. ते पहिल्याहून लांब असूनही मुलांनी अधिक वेगाने सोडवले. टाळ्या वाढल्या. नानासोंनी शेजाऱ्याकडे झुकून काही तरी सांगितले आणि मान डोलावली. लालासाहेब प्रथमच खुर्चीला पाठ टेकून बसले. तिसरे वाक्य सांगणारा मुलगा शाळेचाच माजी विद्यार्थी होता. त्याचे वाक्य पुरे होण्याआधीच पुढच्या रांगेतल्या मुलाने शेवटच्या शब्दाचे काम सांगून टाकले.

समीक्षाबाईंना सगळे कळले. आपली मुले इतक्या वेगाने विचार करत नाहीत, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक असणार? सांगलीच्या त्या आठवड्यात लालासाहेबांनी हीच वाक्ये वर्गात घोटून घेतली होती आणि तीच बाहेर वाटली होती. मुलांना यातले काही माहीत नव्हते. झालेलीच वाक्ये समोर आल्याचा त्यांना आनंद झाला होता. एकटी उत्कर्षा गोंधळून बाईंकडे पाहत होती.

तेवढ्यात मांडवाच्या मागून एक आवाज आला, “नुरा हाय रं, नुरा!”

हशा पिकला. आधीच निकाल ठरवून खेळलेल्या कुस्तीला नुरा म्हणतात. या भागातल्या मैदानात पैलवानाला याहून वाईट शिवी नाही. कुणी तरी त्या माणसाला दटावले, “गप रं गड्या, पोरं हायत ती.” हशा विरला. नानासो अजून प्रसन्न होते. पप्पू चौथे वाक्य मागणार होता.

इथे काहीही न करणे पुरेसे होते. मेंढपाळांच्या मुलींचा वर्ग वाचला होता. फसवणूक बाईंनी केलेली नव्हती. खरे बोलल्याने एका सज्जन माणसाची फजिती होणार होती. गप्प राहण्यासाठी इतकी चांगली कारणे माणसाला क्वचितच मिळतात.

समीक्षाबाई पुढे झाल्या आणि त्यांनी पप्पूच्या हातातून माइक घेतला.

“मागून कुणी तरी नुरा म्हणालं. ते बरोबर आहे. आत्तापर्यंतची वाक्यं मुलांकडून आधीच करून घेतलेली होती, आणि तीच मांडवात पेरलेली होती. मुलांना हे माहीत नव्हतं. चूक शाळेची आहे. झालं ते धरू नका. आता पहिल्यापासून.”

लालासाहेबांची नजर खाली गेली. समीक्षाबाईंनी त्यांच्याकडे पाहिले नाही. कुणाच्याही नजरेला तो धागा मिळू नये, ही काळजी त्यांनी त्या क्षणीही घेतली.

नानासो उठले. त्यांच्या चेहऱ्यावरची प्रसन्नता गेली होती. “मग आता वाक्य मी देणार. आमच्या दुकानातल्या बोर्डावरचं.” त्यांनी सोनमला फळ्याजवळ बोलावले आणि स्वतः सावकाश उच्चारत वाक्य लिहायला लावले: ‘प्लीज स्टँड निअर द फायर अन्टिल युवर गोल्ड मेल्ट्स.’ मग त्यांनी मांडवाला सांगितले, “सुरवातीला गिऱ्हाइकाची भाषा आमाला न्हवती, आमची त्याला न्हवती. म्हणून बोर्ड. आगीजवळ हुबं ऱ्हावा, तुमचं सोनं वितळूस्तर. गिऱ्हाइकानं पाठ फिरवायची न्हाई, आन् आमी बी न्हाई. हं, करा पोरांनो.”

मुलांनी वाक्याकडे पाहिले. नुकतीच धावणारी मुले आता जागची हलत नव्हती. माणसांची चुळबुळ सुरू झाली. एका बाईने, “आवं बास करा की, लेकरं घाबरली,” असेही म्हटले. समीक्षाबाई फळ्यापासून दूर सरकल्या आणि हाताची घडी घालून उभ्या राहिल्या.

“फायर नाम. गोल्ड नाम,” शेवटी एक मुलगा म्हणाला.

“स्टँड बी नाम,” दुसरा म्हणाला. “विट्याचं स्टँड!”

मांडवात हसण्याचा लोट उसळला. “तिथं आगीजवळ कशाला हुबं ऱ्हातंय कोण, एसटीतच भाजतंय की!” पैलवानांपैकी कुणी तरी म्हणाले. मुलगा लाजला, पण खाली बसला नाही.

उत्कर्षा पुढे आली. “हितं गिऱ्हाइकाला काय करायचंय?”

“हुबं ऱ्हायचंय,” मुलगा म्हणाला.

“मग त्ये करणं झालं का न्हाई?”

“झालं,” तो म्हणाला, आणि थोडा वेळ थांबून, “क्रियापद.” या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माणसे पुढे झुकून ऐकत होती.

‘अन्टिल’पाशी सगळे अडले. सोनम म्हणाली, “ह्याचा अर्थ तोपर्यंत. पण काम मला नाही कळत.”

“मला अर्थ ठावं न्हवता,” उत्कर्षा म्हणाली. “पर बघ की, अलीकडं हुबं ऱ्हाणं, पलीकडं वितळणं. मधी ह्यो.”

“म्हणजे दोन्हीच्या मधे?”

“व्हय. बांधलंय दोन्ही.”

“जॉइन करतो!” सोनम मदुराईच्या शाळेतल्यासारखी ओरडली. मग तिने मराठी शब्द शोधला. तो तिला लवकर सापडेना. अख्खा मांडव थांबला होता. “उभयान्वयी,” ती म्हणाली, आणि उच्चार दोनदा अडखळला. एकीजवळ अर्थ होता, दुसरीजवळ काम. दोघींपैकी एकटीला ते वाक्य पुरते सुटले नसते, हे व्याकरणातले काही न कळणाऱ्या माणसांनाही त्या वेळी दिसले.

बाकीचे शब्द अडखळत सुटले. राहिला ‘प्लीज’. त्यावर मुलांनी पुष्कळ डोके खाजवले. त्यांनी तो शब्द पुसून पाहिला. वाक्य तसेच उभे राहिले. त्यांनी तो पुन्हा लिहिला. शेवटी उत्कर्षा म्हणाली, “बाई, ह्याचं काम आमाला न्हाई सांगता येत.”

“यावर पुस्तकांचंही एकमत नाही,” समीक्षाबाई म्हणाल्या. “म्हणून मीही आज निकाल देत नाही. नाही आलं, असंच म्हणू.”

आता सगळ्यांनी नानासोंकडे पाहिले.

“त्यो शबुद पयला नव्हताच बोर्डावर,” ते म्हणाले. “निस्तंच ‘स्टँड निअर द फायर’ लिवलं व्हतं. एक म्हातारी बाई मोहनमाळ घिऊन आली, बोर्ड वाचला आन् रुसून चालली. म्हणती, मला हुकूम सोडतोस व्हय? तवा माझ्या लेकानं त्यो घुसडला. आता त्याचं काम काय म्हणायचं ते तुमी ठरवा.”

मांडव खदखदून हसला. नानासोही हसले. पण त्यांनी शाळेविषयी चांगले किंवा वाईट काही म्हटले नाही आणि ते मैदानाकडे चालू लागले. पप्पूने पहिली कुस्ती पुकारली.

मांडवामागे लालासाहेबांनी समीक्षाबाईंना गाठले. “बाई, माझी लाज घालवलीत.”

“मी तुमचं नाव घेतलं नाही, सर.”

“गावाला नाव सांगावं लागतं का? आणि केलं कुणासाठी मी? माझी तर नोकरी संपत आली. त्या पोरींसाठीच केलं.”

“ते मला माहीत आहे.”

“मग?”

“ती वाक्यं तशीच चालू दिली असती, तर वर्ग राहिला असता, सर. पण मुलांना आज ना उद्या कळलंच असतं. मग वर्ग असाच राखायचा असतो, हे ती आपल्याकडून शिकली असती. उत्कर्षाला शाळेत ठेवून मी तिला हे शिकवायचं?”

लालासाहेब मैदानाकडे न वळता घरी निघून गेले. पुढचे काही दिवस त्यांनी कामापुरतेच बोलणे ठेवले. समीक्षाबाईंनी ते सोसले. त्यांनी माफीही मागितली नाही आणि समजूतही घातली नाही. आपण योग्य केले अशी खात्री असली, की माणूस दुसऱ्याच्या दुःखाकडे अधिक शांतपणे पाहू शकतो. हे दुःख आपण दिले आहे, एवढे मात्र त्याने विसरू नये. समीक्षाबाई ते विसरल्या नाहीत. वार्षिक परीक्षेची कामे वाटताना सरांचा मान त्यांनी कुठेही कमी होऊ दिला नाही.

यात्रा पांगली. घरांना पुन्हा कुलपे लागली. नानासोंचा निरोप नव्हता. मे महिना तसाच गेला. विट्याच्या शाळेची माणसे गावात येऊन गेल्याचे कानावर आले. समीक्षाबाईंनी चौकशी केली नाही. आपल्याला दाखवायचे ते दाखवले, आता ठरवणे त्यांचे, असे त्यांनी हरणाबाईंना सांगितले. हरणाबाई म्हणाल्या, “आन् न्हाईच आली पोरं तर?” समीक्षाबाई म्हणाल्या, “तर मी उत्कर्षाच्या आजोबांकडं जाईन. एसटीत तिच्यासंगं बसाय लागलं तर बसंन.” हे त्यांनी मनात आधीच ठरवून टाकले होते.

जूनमध्ये शाळा उघडली त्या सकाळी नानासो फाटकातून आत आले. बरोबर सोनम होती. दोघे नातू नव्हते.

“धाकटी दोघं विट्याला घातली,” नानासो आडपडदा न ठेवता म्हणाले. “त्यांच्या आईचं तसं म्हणणं. ही मात्र हितंच.”

“तिचं म्हणणं?”

“तिचं बी आन् माझं बी. बाई, त्या दिशी पयली वाक्यं लय भारी चालली व्हती. मी मनात ठरवून बी टाकलं व्हतं. तुमी मधीच म्हणाला, ह्ये खोटं हाय. घरला जाऊन लय चिडलो मी. मग इचार केला. आमच्या धंद्यात सोनं कमी भरलं तरी गिऱ्हाईक परत येतंय, डोळ्यांदेखत भरलं असंल तर. त्या दिशी तुमचं कमीच भरलं. प्लीज आलाच न्हाई कुणाला.”

“नाही आला.”

“पर माझ्यादेखत.” त्यांनी सोनमच्या डोक्यावर हात ठेवला. “गलाईच्या बाकी घरांस्नी बी सांगितलंय मी. दोघातिघांनी ऐकलं, बाकीच्यांनी न्हाई.”

सातवीपुरती ती मुले पुरेशी होती. पुढच्या वर्षाबद्दल नानासो बोलले नाहीत, समीक्षाबाईंनीही विचारले नाही. त्यांनी सोनमला वर्गात पाठवले.

त्या दिवशी इंग्रजीचा तास सुरू होत असताना लालासाहेब वर्गाच्या दारात आले.

“बाई, आज वाक्य मी देऊ का?” त्यांनी विचारले. “आधी कुणाला दाखवलेलं नाही. तुम्हालाही नाही.”

समीक्षाबाईंनी खडू त्यांच्या हातात दिला आणि त्या मागच्या बाकावर जाऊन बसल्या. लालासाहेबांनी फळ्यावर सावकाश एक लांब वाक्य लिहिले, एका शब्दाखाली रेघ ओढली आणि मुलांकडे वळून विचारले, “हा इथे काय करतोय?”

उत्कर्षाने हात वर केला आणि चुकीचे उत्तर दिले. सोनम लगेच तिच्याकडे वळली.